घरची भाषा मराठी लिहिली, तर मुलीचं इंग्रजी कच्चं ठरेल का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब होतं, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इथे एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. घरी आम्ही दोघं, मुलगी, आणि मार्चपासून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. मुलगी नुकतीच पाच वर्षांची झाली, सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. शाळेच्या नोंदणीत घरच्या भाषेचा एक फॉर्म आहे. मिस्टर म्हणतात, सरळ इंग्लिश लिही, नाहीतर पोरीला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या जादा वर्गात, टाकतील. त्यातच सेन्सस ब्युरोचं पाकीट आलंय, त्यातही भाषेचे प्रश्न. तिथे सगळ्यांच्या नावापुढे इंग्रजी 'व्हेरी वेल' लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. शेजारीण सांगते, आतापासून घरात इंग्रजीच बोला. आपल्या बोलण्याने नातीचं नुकसान होईल म्हणून सासूबाई गप्प राहायला लागल्यात. शिवाय आमच्या मंडळाला इथल्या लायब्ररीत मराठी पुस्तकं हवी आहेत, तर गावात मराठी माणसं किती हा आकडा कुठून काढायचा?"

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंना बोलतं करा. बाकीचं कागदाचं काम आहे, ते निस्तरता येतं. सप्टेंबरात त्या परत जातील आणि त्याच महिन्यात मुलगी दिवसाचे सहा तास इंग्रजीत बसायला लागेल. तेव्हा मराठी भरपूर कानावर पडण्याचे हे शेवटचे मोकळे महिने आहेत. ते गप्प बसून घालवण्यात कुणाचाच फायदा नाही.

आता शाळेचा फॉर्म. त्याला 'होम लँग्वेज सर्व्हे' म्हणतात. अमेरिकेतल्या सरकारी शाळा नोंदणीच्या वेळी तो प्रत्येक मुलासाठी भरून घेतात, आडनाव पाहून नव्हे. यामागे १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे आणि १९७४ चा 'लाऊ विरुद्ध निकल्स' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना कळत नसलेल्या भाषेत शिकवणं म्हणजे त्यांना शिक्षण नाकारणंच, असं त्या निकालाने ठरवलं. तेव्हापासून कोणत्या मुलाला इंग्रजीची जास्तीची मदत लागेल, हे शोधणं शाळेवर बंधनकारक झालं. फॉर्म ही त्या शोधाची पहिली पायरी आहे, निकाल नव्हे. प्रश्न शाळा-जिल्ह्यागणिक (शाळांचा कारभार पाहणारा स्थानिक विभाग) थोडे बदलतात, पण रोख तोच असतो: मूल आधी कोणती भाषा बोलायला शिकलं, घरी बहुतेक वेळ कोणती भाषा कानावर पडते, आई-वडिलांशी, आजी-आजोबांशी, भावंडांशी ते कशात बोलतं. शेवटी बहुधा एक प्रश्न तुमच्यासाठी असतो, की शाळेची पत्रं आणि भेटीगाठी तुम्हाला कोणत्या भाषेत हव्यात. तिथे खुशाल इंग्रजी लिहा. तो प्रश्न मुलीबद्दलचा नाही.

'मराठी' लिहिल्याने मुलगी ईएसएलमध्ये जात नाही. तिची चाचणी होते, एवढंच. न्यू जर्सी 'विडा' या राज्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिथे विडाचा स्क्रीनर वापरतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना याच कामासाठी 'एल्पॅक' दिसेल, न्यूयॉर्कमध्ये आणखी वेगळी परीक्षा. न्यू जर्सीत किंडरगार्टनच्या सुरुवातीला फक्त ऐकणं आणि बोलणं तपासतात. एक शिक्षिका मुलाला समोर बसवते, चित्रं दाखवते, 'यातला गोल कुठला, दाखव', 'या चित्रात काय चाललंय, सांग' असं विचारते. विडाची मोजपट्टी १ ते ६ अशी आहे. राज्याने ठरवलेल्या रेघेच्या वर गुण आले की विषय तिथेच संपतो. घरी मराठी आणि बाहेर डे-केअरमध्ये इंग्रजी अशा घरांतली पुष्कळ मुलं ही रेघ पहिल्याच फटक्यात ओलांडतात.

घोटाळा होतो तो इंग्रजी न आल्यामुळे कमी आणि तोंड न उघडल्यामुळे जास्त. अनोळखी बाईंसमोर मूल मान हलवतं, बोट दाखवतं, एका शब्दात उत्तर देतं किंवा काहीच बोलत नाही. चाचणीत न दिलेलं उत्तर आणि न आलेलं उत्तर सारखंच मोजलं जातं. म्हणून आधीचे दोन आठवडे एवढंच करा: चित्रांचं कुठलंही पुस्तक घेऊन 'इथे काय चाललंय?', 'मग पुढे काय होईल?', 'का बरं?' असे प्रश्न विचारा आणि तिला दोन-तीन वाक्यांत सांगू द्या. हे मराठीत केलंत तरी उपयोग होतो, कारण सवय वाक्यात उत्तर देण्याची लावायची आहे. शाळेत एक बाई चित्रं दाखवणार आहेत, त्यांच्याशी मोठ्याने बोलायचं, हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. सर्दीने कानांना दडे बसले असतील तर चाचणीची तारीख पुढे मागून घ्या. मुलगी इंग्रजी प्रीस्कूलला जात असेल, तर तिथल्या बाईंची चिठ्ठी किंवा प्रगतिपत्रक नोंदणीच्या कागदांना जोडा.

समजा, गुण कमी पडले. मग शाळेने तुम्हाला लेखी कळवायला हवं, आणि तेही शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. त्या पत्रात गुण, कोणत्या प्रकारची मदत देणार आणि ती कधी थांबणार हे असतं. ऐकणं आणि बोलणं यांचे गुण वेगवेगळे मागून घ्या. ऐकण्यात चांगले आणि बोलण्यात कमी असतील, तर बहुधा ती लाजली, हे ओळखता येतं. ईएसएलचा वर्ग तुम्हाला लेखी नाकारता येतो. मात्र नाकारलात तरी दर वर्षीची 'ॲक्सेस' नावाची परीक्षा चुकत नाही. पुरेसे गुण मिळेपर्यंत ती द्यावीच लागते. आमचं मत विचाराल तर किंडरगार्टनमध्ये नाकारू नका. बहुतेक ठिकाणी रोज थोडा वेळ चार-पाच मुलांच्या गटात शिक्षिका बसते, आणि एवढं लक्ष एरवी पैसे मोजून मिळत नाही.

मिस्टरांच्या भीतीत एक खरी गोष्ट दडलेली आहे, ती सांगायला हवी. काही मुलं इथेच जन्मलेली असतात, घडाघडा इंग्रजी बोलतात, तरी तिसरी-चौथीपर्यंत ईएसएलच्या यादीत अडकून पडतात. आई-वडील म्हणतात, घरच्या मराठीने घात केला. ॲक्सेसच्या गुणांची वाटणी पाहिली की कारण दिसतं. वाचन ३५ टक्के, लेखन ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५ टक्के. म्हणजे मूल अडकतं ते वाचण्या-लिहिण्यापाशी. त्यावरचा उपाय घरी इंग्रजी बोलणं हा नव्हेच. इंग्रजी वाचायला देणं, आठवड्यातून दोनदा चार-पाच ओळी लिहून घेणं, आणि शिक्षिकेला 'कोणत्या भागात गुण अडतात?' असं दर वर्षी विचारणं, हा उपाय.

आणि खोटं 'इंग्लिश' लिहिलं तर? पकडून कुणी दंड करणार नाही. पण पहिलीत मुलगी गोष्ट सांगताना अडखळली, तर शिक्षिकेसमोरच्या कागदावर 'फक्त इंग्रजी बोलणारं मूल' असं असेल. मग तिला वाटणार, या मुलीला शिकण्यातच काही अडचण आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची साधी गरज मग चुकीच्या कप्प्यात तपासली जाते. जाता जाता: या फॉर्मचा व्हिसाशी संबंध नाही. मुलांचा शाळेचा हक्क इमिग्रेशनवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवून टाकलं आहे.

शेजारणीचा सल्ला मात्र साफ बाजूला ठेवा. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं उशिरा येत नाही आणि ते गोंधळतही नाही. पाच वर्षांच्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. नुसत्या इंग्रजीचे मोजले तर ते कमीच भरणार, कारण 'पोळपाट' आणि 'देवघर' तिला एकाच भाषेत लागतात. ती दोन्ही भाषांत मागे आहे असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, म्हणजे मराठीतही वाक्य जुळत नसेल, परक्याला तिचं बोलणं कळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि शाळा-जिल्ह्याकडे लेखी अर्ज करून मूल्यमापन मागा. ते शक्य तितकं मुलाच्या स्वतःच्या भाषेत करावं, असं विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदा सांगतो. तिथेही फॉर्मवर 'मराठी' लिहिलेलं उपयोगी पडतं.

घरात मराठी टिकवायची तर 'मराठीत बोल' असा हुकूम सोडून द्या. शाळा सुरू झाली की ती इंग्रजीत उत्तरं देऊ लागणार, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. ती इंग्रजीत म्हणाली, की मला सफरचंद नको, तर तुम्ही सहज म्हणा, 'सफरचंद नको? मग केळं सोलून देऊ का?' तिचंच वाक्य मराठीत परत आलं, वर एक नवं क्रियापद आलं, भांडण झालं नाही. प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत म्हणू नका. तसं केलं की मूल मराठीकडे दुर्लक्ष करून इंग्रजीची वाट पाहत बसतं. सासूबाईंना इंग्रजी शब्द शोधायला लावू नका. त्यांनी मोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलण्यापेक्षा पूर्ण मराठीत कोल्ह्याची गोष्ट सांगावी, मध्येच थांबून 'मग काय झालं असेल?' विचारावं. गोष्टीचा धागा धरून ठेवणं, पुढचं ओळखणं, यमक ऐकू येणं, ही कौशल्यं एका भाषेत आली की दुसरीत वापरता येतात. किंडरगार्टनच्या वाचनाला नेमकी हीच लागतात.

सरमिसळीची फार धास्ती नको. 'शूज काढ', 'बॅग आण' असं सांगली-साताऱ्यातही बोलतात. नामं इंग्रजी आली म्हणून मराठी मरत नाही. लक्ष क्रियापदांवर ठेवा. मूल 'मी हँड वॉश केले', 'तू मला हेल्प कर', 'ते ब्रेक झालं' असं बोलू लागलं, म्हणजे सगळा भार 'कर' आणि 'हो' या दोन क्रियापदांवर आला, की समजा मराठी आटायला लागली. तिथे धुणं, विसळणं, पिळणं, निथळणं, पुसणं हे हाताने काम करता करता कानावर घाला. स्वयंपाकघरात आजी असताना याच्याइतका सोपा वर्ग नाही. आकड्यांपाशी मात्र हट्ट धरू नका. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी पाठ करताना मराठी माध्यमातली मुलंही चाचपडतात. इंग्रजीत वीसच्या पुढे एकच साचा आहे, तो तिला सोपा जाणार. गणित इंग्रजीत, गप्पा मराठीत, हे चालतं.

आता सेन्ससचं पाकीट. वर्णनावरून ते 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'चं दिसतं. दहा वर्षांनी होणारी शिरगणती वेगळी. हा सर्व्हे २००५ पासून देशभर दर महिन्याला चालतो, वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते निवडून. निवड पत्त्याची होते, माणसांची नव्हे, त्यामुळे 'आम्हालाच का?' या प्रश्नात काही अर्थ नाही. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. खरा सर्व्हे बँक खातं, क्रेडिट कार्ड किंवा पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर कधी विचारत नाही. कुणी विचारला तर तो भामटा. भरायला साधारण ४० मिनिटं लागतात. पगार, घराचा हप्ता, वीजबिल यांचे कागद आधीच जवळ घेऊन बसा.

पहिला पेच सासू-सासऱ्यांचा. ते पाहुणे आहेत म्हणून गाळायचे का? या सर्व्हेत नियम दोन महिन्यांचा आहे: या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला प्रत्येक जण धरायचा. ते सहा महिने राहणार आहेत, तेव्हा दोघांची नावं लिहा.

भाषेचे प्रश्न पाच वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच असतात. मुलीची पाच वर्षं भरली आहेत, म्हणजे तिच्यासाठीही भरायचे. प्रश्न तीन. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलते: 'व्हेरी वेल', 'वेल', 'नॉट वेल', 'नॉट ॲट ऑल'. १९८० च्या शिरगणतीपासून हे असेच विचारले जातात. पहिल्याचं 'हो' म्हणजे अधूनमधून का होईना, घरात ती भाषा बोलली जाते. नुसतं 'अय्या' आणि 'चला' एवढ्यावर भागत असेल तर 'नाही'. दुसऱ्याला जागा एकाच भाषेची आहे. घरात मराठी आणि हिंदी दोन्ही असतील तर जी जास्त बोलता ती लिहा. ठरत नसेल तर जी आधी शिकलात ती. तिथे 'इंडियन' लिहू नका. लोक लिहितात, आणि ती उत्तरं 'भारतातली, इतरत्र न मोडणारी' अशा एका अडगळीच्या सांकेतिक क्रमांकाखाली जातात, मराठीत मोजली जात नाहीत. गोव्याकडची मंडळी घरी कोंकणी बोलत असतील तर त्यांनी कोंकणीच लिहावं, तिचा हिशोब वेगळा ठेवतात.

तिसऱ्या प्रश्नात सगळी गंमत आहे. पर्याय चार दिसतात, पण सरकारी कामासाठी रेघ एकाच ठिकाणी मारली जाते: 'व्हेरी वेल' एका बाजूला, उरलेले तिन्ही दुसऱ्या बाजूला. 'वेल' लिहिणारा माणूसही 'इंग्रजीत अडचण असलेला' म्हणून मोजला जातो. ब्युरो कोणत्याच पर्यायाची व्याख्या देत नाही, ज्याने त्याने अंदाजाने ठरवायचं. इथे आपल्याकडच्या दोन सवयी आड येतात. एक विनय: मराठी माध्यमात शिकलेली, दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारी बाई स्वतःपुढे 'वेल' लिहिते. दुसरी अब्रू: फोनवर 'हॅलो'च्या पुढे न जाणाऱ्या वडिलांपुढे मुलगा 'व्हेरी वेल' लिहितो. दोन्हींनी आकडा बिघडतो, फक्त उलट दिशांना.

आमची कसोटी अशी. विमा कंपनीने बिल नाकारलं, तर फोन करून, कुणाच्या मदतीशिवाय, भांडून ते मंजूर करून घेता येतं का? येत असेल तर 'व्हेरी वेल'. उच्चार कसा आहे याला महत्त्व नाही. पत्रावरून तुम्ही याच गटात बसता, उगाच खाली उतरू नका. मिस्टरही याच गटात असतील. सासऱ्यांबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, पण त्या पिढीतले पुष्कळ निवृत्त लोक इंग्रजी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि फार्मसीच्या खिडकीवर अडतात. प्रश्न फक्त बोलण्याचा आहे. वाचण्याचे गुण यात धरायचे नाहीत. दुकानात काम भागतं पण डॉक्टरशी बोलायला तुम्ही लागता, तर 'नॉट वेल'. मुलीसाठी तिच्या वयाचं माप लावा: बागेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांशी तिचा खेळ अडत नसेल तर 'व्हेरी वेल'. शाळेच्या फॉर्मशी हे जुळलं पाहिजे असं नाही. तो कागद शाळेत राहतो, हा ब्युरोकडे, दोघांची गाठ पडत नाही.

याने होतं काय? इंग्रजी शिकवण्यासाठी केंद्राकडून राज्यांना 'टायटल थ्री' नावाचा जो निधी जातो, त्याच्या वाटणीत या उत्तरांचा आधार असतो. मतपत्रिका दुसऱ्या भाषेत छापायच्या का, हेही इथूनच ठरतं. एका काउंटीत एका भाषागटाचे, इंग्रजीत अडचण असलेले मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असावे लागतात, सोबत अल्पशिक्षणाची एक अट असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आली ती याच मार्गाने. मराठीसाठी तसं लवकर होईल असं वाटत नाही. मराठी घरांत इंग्रजीची अडचण बहुतेक आजी-आजोबांपुरती असते आणि त्यातले बरेच नागरिक नसतात.

त्यातही एक खाच आहे. 'इंग्रजीत अडचण असलेलं घर' अशी ब्युरोची एक वेगळी मोजणी आहे. १४ वर्षांचा किंवा त्याहून मोठा एकही माणूस 'व्हेरी वेल' नसेल तरच ते घर त्यात येतं. तुमचं घर येणार नाही, कारण तुम्ही दोघं आहात. सासू-सासऱ्यांची अडचण घरांच्या तक्त्यात दिसतच नाही, फक्त व्यक्तींच्या तक्त्यात दिसते. म्हणून त्यांच्यापुढचा चौकोन खरा भरणं महत्त्वाचं.

त्यांच्या दवाखान्याचंही सांगून ठेवतो, कारण सहा महिन्यांत एकदा तरी वेळ येते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला दुभाष्या फुकट द्यावा लागतो. सोबत स्वतःचा माणूस आणा, अशी सक्ती त्यांना करता येत नाही. तातडीची वेळ सोडली तर लहान मुलाकडून दुभाषेपण करून घेता येत नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवलं आणि २००० सालचा भाषासाहाय्याचा जुना आदेश मागे घेतला. पण रुग्णालयावरचं हे बंधन कायद्यातून आलेलं आहे, त्या आदेशातून नव्हे. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: भाषा मराठी, दुभाष्या हवा, चार्टवर नोंद करा. मराठी दुभाष्या बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो. आयत्या वेळी मागितला तर थांबावं लागतं, किंवा 'हिंदी चालेल का?' असं विचारतात. सासऱ्यांना हिंदी नीट येत असेल तर हरकत नाही, सासूबाईंना विचारून ठरवा. तुम्ही खोलीत जरूर थांबा, पण भाषांतर दुभाष्याला करू द्या. घरचा माणूस नकळत वाक्यं गाळतो, विशेषतः सुनेसमोर सासऱ्यांना बोलायला संकोच वाटणारी.

उरला मंडळाचा आकडा. सेन्सस ब्युरोच्या डेटाच्या संकेतस्थळावर भाषेचे दोन तक्ते आहेत. सविस्तर तक्ता 'बी १६००१'. त्यात गुजराती, हिंदी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठीला नाही. ओळीचं नावच 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असं आहे. तो आकडा उचलून 'इतके मराठी' म्हणून छापू नका. पत्र वाचणाऱ्याने तक्ता उघडला की तुमची पत जाते. दुसरा तक्ता 'सी १६००१' अगदी छोट्या वस्तीपर्यंत मिळतो, पण त्यात मराठी 'इतर इंडो-युरोपीय' नावाच्या मोठ्या डब्यात जाते, आणि त्या डब्यात आणखी बऱ्याच भाषा आहेत. फक्त मराठीचा आकडा हवा तर 'पम्स' नावाच्या नमुना-नोंदींवरून काढावा लागतो. तिथला सगळ्यात लहान भौगोलिक तुकडा किमान एक लाख वस्तीचा असतो. एडिसनची वस्ती २०२० मध्ये एक लाखाच्या थोडी वर होती, म्हणजे साधारण तुमच्या गावाएवढ्या पातळीपर्यंत जाता येईल, त्याखाली नाही. मंडळात कुणी आकडेवारीचं काम करणारं असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. पाच वर्षांच्या एकत्रित नोंदी घ्या. एका वर्षाच्या नमुन्यात तुमच्या भागातली मराठी घरं मोजकीच सापडतील आणि आकडा दर वर्षी उड्या मारेल. सोबतची कमी-जास्त होण्याची मर्यादाही छापा.

लायब्ररीसाठी मात्र एवढा खटाटोप करू नका. ग्रंथपालाला शिरगणतीपेक्षा पुस्तकं किती फिरतात हे पाहायचं असतं. शाळा-जिल्ह्याकडे घरच्या भाषेनुसार विद्यार्थीसंख्या असते, त्याच फॉर्मवरून काढलेली. नावं नकोत, नुसता मराठीचा आकडा द्या, असं लेखी मागा. तो गावापुरता आणि ताजा असतो, पण मिस्टरांसारखे किती जण 'इंग्लिश' लिहून मोकळे झाले, तेवढा तो कमीच निघेल. त्याला लायब्ररी कार्ड असलेल्या ३०-४० घरांची सह्यांची यादी जोडा, आणि मुलांची चित्रपुस्तकं किती, मोठ्यांच्या कादंबऱ्या किती, अशी नेमकी मागणी लिहा. सुरुवात मुलांच्या पुस्तकांनी करा. ती पातळ असतात, पटकन वाचून परत येतात, त्यामुळे फिरतीचा आकडा लवकर वर जातो. मराठी पुस्तकांची सूची रोमन लिपीत कशी करायची हा प्रश्न तिथला कर्मचारी हमखास विचारेल. मंडळातल्या एकाने शीर्षक आणि लेखकाचं नाव रोमनमध्ये लिहून द्यायची तयारी आधीच दाखवली, तर अर्ज महिनोन्महिने पडून राहत नाही.